डोंगरवाटांवरील प्रवेशशुल्क : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसर

डोंगरवाटांवरील प्रवेशशुल्क म्हणजे किल्ले, धबधबे, पठारे, वनक्षेत्रे व त्यांकडे जाणाऱ्या पायवाटा यांच्या वापरासाठी पर्यटकांकडून घेतली जाणारी रक्कम होय. महाराष्ट्रात असे शुल्क वन विभाग, संयुक्त वन व्यवस्थापन समित्या, नगरपरिषदा, ग्रामपंचायती आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण या निरनिराळ्या यंत्रणा आकारतात. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे माथेरान डोंगररांगेच्या पायथ्याशी किंवा तिच्यापासून थोड्या अंतरावर वसलेली असल्यामुळे या प्रश्नाशी त्यांचा निकटचा संबंध आहे. या परिसरात पावसाळी पर्यटनाचे नियमन प्रामुख्याने मनाई आदेशांद्वारे होते. राज्यात अन्यत्र, उदाहरणार्थ कास पठारावर, तेच काम मर्यादित संख्येच्या सशुल्क परवान्यांनी साधले जाते. या दोन पद्धतींपैकी कोणती अधिक न्याय्य व परिणामकारक आहे, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

संज्ञा व व्याप्ती

सामान्य बोलण्यात ‘तिकीट’, ‘पावती’, ‘प्रवेश फी’, ‘कर’ आणि ‘परवाना’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. प्रशासकीय व्यवहारात मात्र त्यांत भेद आहे. कर हा सार्वजनिक खर्चासाठी घेतला जातो व त्याच्या बदल्यात विशिष्ट सेवा मिळेलच असे नाही. शुल्काला एखाद्या सेवेचा किंवा सोयीचा आधार असावा लागतो. परवाना म्हणजे एरवी निषिद्ध असलेल्या गोष्टीसाठी दिलेली अटींसह अनुमती. वाहनतळाची फी या तिन्हींहून वेगळी असून ती जागेच्या वापराची किंमत असते. डोंगराच्या पायथ्याशी पर्यटकाच्या हाती पडणारा कागद यांपैकी नेमका कोणत्या स्वरूपाचा आहे, हे त्यावर स्पष्ट नसल्यास वाद उद्भवतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

वाटेच्या वापराबद्दल मोबदला घेण्याची कल्पना या भागाला नवी नाही. मुरबाड तालुका व जुन्नर यांना जोडणारा नाणेघाट हा सातवाहन काळातील व्यापारी मार्ग होता. जुन्नरचा बाजार आणि कल्याण, सोपारा ही बंदरे यांच्यामधील मालवाहतूक या घाटाने होत असे. घाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिच्याशी संबंधित प्रसिद्ध शिलालेख आहे. घाटमाथ्यावर असलेला दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी वापरला जात असे, अशी परंपरागत समजूत असून घाटाच्या नावाचा संबंधही नाण्यांशी जोडला जातो. जकातीच्या मोबदल्यात घाट चालता ठेवणे व व्यापाऱ्याला संरक्षण देणे ही सत्तेची जबाबदारी मानली जात असे. वाटेचा पैसा आणि वाटेची जबाबदारी यांचा हा संबंध आजच्या चर्चेतही महत्त्वाचा ठरतो.

आधुनिक काळातील जवळचे उदाहरण माथेरानचे आहे. ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी १८५० साली या डोंगराची पाहणी केल्यानंतर तेथे गिरिस्थान विकसित झाले. १९०७ साली नेरळ–माथेरान लहान रेल्वे सुरू झाली. माथेरान गिरिस्थान नगरपरिषद गावात येणाऱ्या पर्यटकांकडून प्रवेशाच्या वेळी कर घेते. स्थायी लोकसंख्या थोडी आणि पाहुण्यांची संख्या मोठी असलेल्या गावाने नागरी सेवांचा खर्च पाहुण्यांकडून काही अंशी वसूल करावा, हे त्यामागील तत्त्व आहे.

भौगोलिक स्थिती व पर्यटकांचा ओघ

२०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८, अंबरनाथची २,५३,४७५ आणि कुळगाव-बदलापूरची १,७४,२२६ होती. म्हणजे तिन्ही शहरांत मिळून त्या वेळी ९ लाखांहून अधिक लोक राहत होते. त्यानंतरच्या काळात विशेषतः बदलापूर व अंबरनाथ येथे मोठ्या प्रमाणावर गृहबांधणी झाली आहे. उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांसाठी जुन्या लष्करी छावणीच्या जागी वसवलेले अत्यंत दाट वस्तीचे शहर असून तेथे मोकळ्या जागा अल्प आहेत. साहजिकच सुटीच्या दिवशी येथील तरुणांचा ओढा नजीकच्या डोंगरांकडे व ओढ्यांकडे असतो.

मध्य रेल्वेचा कल्याण–कर्जत मार्ग माथेरान डोंगररांगेला जवळजवळ समांतर जातो. या रांगेत मलंगगड, ताहुली, चंदेरी, नाखिंद आणि पेब अथवा विकटगड ही परिचित ठिकाणे आहेत. बदलापूरजवळ कोंडेश्वर येथे शिवमंदिर, कुंड व धबधबा असून त्या वाटेवर भोज धरण लागते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरणही बदलापूरपासून जवळ आहे. मुंबई व ठाण्याहून उपनगरी गाडीने थोड्या खर्चात येथे पोहोचता येत असल्याने पावसाळ्यातील शनिवार-रविवारी गर्दी होते. वर्षभरातील बहुतेक भार अशा थोड्याच दिवसांवर एकवटतो, आणि शुल्काचा कोणताही विचार या वस्तुस्थितीपासून सुरू करावा लागतो.

डोंगरउतारांवर आणि पायथ्याशी ठाकूर व कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. पर्यटक ज्यांना ‘ट्रेकचा मार्ग’ म्हणतात, त्यांपैकी पुष्कळशा वाटा मुळात या वाड्यांच्या पाण्याच्या, गुरांच्या, सरपणाच्या व बाजाराच्या वाटा आहेत.

कायदेशीर चौकट

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ड) नुसार नागरिकांना देशभर मुक्त संचाराचा हक्क आहे. अनुच्छेद १९(५) नुसार सार्वजनिक हितासाठी किंवा अनुसूचित जमातींच्या हितसंरक्षणासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. अनुच्छेद २६५ प्रमाणे कायद्याच्या प्राधिकाराशिवाय कोणताही कर आकारता येत नाही. त्यामुळे वाटेवर दोरी बांधून पैसे घेणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला वा मंडळाला आपला अधिकार कोणत्या कायद्यातून आला, हे दाखवता आले पाहिजे.

भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात विनापरवाना प्रवेश हा अपराध ठरू शकतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ मध्ये अभयारण्यातील प्रवेशावर निर्बंध आहेत, तर कलम २८ मध्ये अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन आदी कारणांसाठी विहित शुल्क घेऊन परवाना देण्याची तरतूद आहे. कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यासारख्या ठिकाणी घेतल्या जाणाऱ्या प्रवेशशुल्काचा पाया या तरतुदींत आहे.

१९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने वनरक्षणात लोकसहभागाला स्थान दिले. केंद्र शासनाने जून १९९० मध्ये याबाबत राज्यांना मार्गदर्शक सूचना दिल्या आणि महाराष्ट्राने १९९२ मध्ये संयुक्त वन व्यवस्थापनाचा स्वीकार केला. या पद्धतीत गावाची समिती व वन विभाग मिळून वनाची राखण करतात आणि उत्पन्नात गावाला वाटा मिळतो. निसर्ग पर्यटनाचे शुल्क हे अशा उत्पन्नाचे नवे साधन ठरले. वन हक्क अधिनियम, २००६ च्या कलम ३(१)(झ) ने सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य केला असून कलम ५ ने ग्रामसभेला त्यासाठी अधिकार दिले आहेत.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये पंचायतीला आकारता येणाऱ्या कर व फी यांची सूची आहे. यात्रेकरूंवरील कर, बाजाराची फी इत्यादी बाबी तीत येतात. नगरपरिषदांना १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातून असे अधिकार मिळतात.

कर आणि शुल्क यांतील भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ प्रकरणात स्पष्ट केला. शुल्क हे दिलेल्या सेवेच्या मोबदल्यात असते, हे त्या निर्णयाचे सार आहे. पुढे १९८३ मधील श्रीनिवास जनरल ट्रेडर्स प्रकरणासारख्या निर्णयांत सेवा व शुल्क यांचे प्रमाण तंतोतंत जुळलेच पाहिजे असे नाही, दोहोंत व्यापक स्वरूपाचा संबंध असला तरी पुरे, अशी भूमिका घेतली गेली. तरीही सेवेचा मागमूस नसताना घेतलेले ‘शुल्क’ या कसोटीस उतरत नाही.

प्रचलित नमुने

राज्यातील विद्यमान व्यवस्थांचे ढोबळमानाने चार नमुने दिसतात.

पहिला नमुना नगरपरिषदेच्या प्रवासी कराचा असून माथेरान हे त्याचे उदाहरण आहे. तेथे पर्यटकांच्या संख्येवर कराद्वारे मर्यादा घातली जात नाही. कर भरणाऱ्या प्रत्येकास प्रवेश मिळतो. निसर्गावरील ताण आवरण्याचे काम अन्य नियमांकडे सोपवलेले आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये माथेरान व परिसर पर्यावरणसंवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला आणि पर्यटकांची मोटारवाहने दस्तुरी नाक्यापुढे जाऊ शकत नाहीत.

दुसरा नमुना ग्रामसमित्यांच्या परवान्याचा आहे. सातारा जिल्ह्यातील कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातील अन्य ३८ स्थळांसह जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्यानंतर फुलांच्या हंगामात गर्दी अनावर झाल्याने परिसरातील गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी वन विभागाच्या सहकार्याने ऑनलाइन पूर्वनोंदणी, दिवसाची विभागणी व प्रतिदिन ३,००० पर्यटकांची मर्यादा अशी पद्धत अवलंबिली. अलीकडच्या हंगामांत माणशी दर १०० ते १५० रुपये राहिला आहे. जमा रकमेतून स्थानिक तरुणांना राखणदार व मार्गदर्शक म्हणून काम मिळते. वाहनतळ व स्वच्छतेची व्यवस्थाही केली जाते.

तिसरा नमुना केंद्रीय स्मारक तिकिटाचा आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१८ मध्ये दर सुधारल्यानंतर ‘ब’ गटातील स्मारकांसाठी भारतीय पर्यटकास २५ रुपये व परदेशी पर्यटकास ३०० रुपये असा दर ठरला. रोकडविरहित भरण्यास अनुक्रमे ५ व ५० रुपयांची सवलत देण्यात आली. १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे. किल्ले रायगड येथे असे तिकीट लागते. याउलट १०६० च्या सुमाराचे, शिलाहारकालीन अंबरनाथ शिवमंदिर हे संरक्षित स्मारक असूनही नित्यपूजेचे स्थान असल्याने तेथे भाविकांना तिकीट नाही.

चौथा नमुना राष्ट्रीय उद्यानाचा आहे. बोरिवली येथील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात एका दिवसाच्या तिकिटाबरोबरच पहाटे फिरावयास येणाऱ्या नागरिकांसाठी मुदतीचा पास असतो. नित्य येणारा आणि क्वचित येणारा यांच्यासाठी वेगळा दर ठेवण्याचे हे चांगले उदाहरण आहे. याच उद्यानातील कान्हेरी लेण्यांसाठी मात्र पुरातत्त्व खात्याचे स्वतंत्र तिकीट घ्यावे लागते. एका भेटीसाठी दोन यंत्रणांकडे दोन वेळा पैसे भरावे लागणे ही तक्रार अशा ठिकाणी नेहमी ऐकू येते.

परवाना की मनाई

उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर परिसरात शुल्कापेक्षा मनाई हेच नियमनाचे मुख्य साधन राहिले आहे. पावसाळ्याच्या आरंभी जिल्हा प्रशासन धोकादायक ठिकाणी प्रतिबंधात्मक आदेश जारी करते. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून त्यांची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली आहे. अंबरनाथ तालुक्यातील कोंडेश्वर, धामणवाडी, तारवाडी, भोज, वऱ्हाडे, दहिवली, मळीचीवाडी आदी ठिकाणांचे धबधबे अशा आदेशांत नमूद झालेले आहेत. खोल पाण्यात उतरणे, धोकादायक जागी छायाचित्रे काढणे, मद्यपान, कचरा टाकणे व वाहने उभी करून वाट अडवणे या गोष्टींवर त्यांद्वारे बंदी येते.

या कठोरतेला कारण आहे. कोंडेश्वरच्या कुंडात व उल्हास नदीच्या पात्रात बुडून तरुणांचे मृत्यू होण्याच्या घटना अनेक पावसाळ्यांत घडल्या आहेत. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरण परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेल्यानंतर राज्यभर या प्रश्नाकडे लक्ष वेधले गेले. डोंगरमाथ्यावर पडलेल्या पावसाचे पाणी काही मिनिटांतच ओढ्यात उतरते. मैदानी भागातून आलेल्या पर्यटकास त्याची कल्पना नसते.

मनाईच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. बंदोबस्त असतो तोवर वाट बंद राहते. तो उठताच गर्दी पूर्ववत होते किंवा लोक आडवाटेने, अधिक धोक्याच्या जागी जातात. मनाईतून उत्पन्न मिळत नाही, त्यामुळे जीवरक्षक, कठडे, सूचनाफलक व दोर यांसाठी पैसा उभा राहत नाही. भाकरी-पिठले, चहा, कणसे विकून चार महिन्यांत वर्षाची बेगमी करणाऱ्या वाडीवस्तीच्या कुटुंबांचे उत्पन्न थांबते. कायदा पाळणारा पर्यटक घरी बसतो आणि न पाळणारा धबधब्याखाली पोहोचतो, असा विपरीत परिणामही होतो.

दुसऱ्या बाजूने, सशुल्क परवान्याने धोका आपोआप कमी होतो असे नाही. पैसे भरले म्हणजे जागा सुरक्षित आहे, असा समज बळावण्याची भीती असते. शुल्क घेणाऱ्या यंत्रणेवर नुकसानभरपाईची जबाबदारी येऊ शकते आणि म्हणूनच प्रशासनास परवान्यापेक्षा मनाई सोयीची वाटते. शुल्काच्या मोहाने मुसळधार पावसातही प्रवेश चालू ठेवला जाण्याची शक्यता हा तिसरा आक्षेप आहे. त्यामुळे हवामान विभागाचा लाल इशारा असलेल्या दिवशी प्रवेश पूर्ण बंद आणि आगाऊ भरलेले पैसे परत, ही अट कोणत्याही परवाना पद्धतीत मूलभूत मानावी लागते.

दरनिश्चितीचे अर्थकारण

शुल्काचा दर ठरवताना तीन प्रश्न विचारात घ्यावे लागतात : खर्च किती आहे, गर्दी किती आवरावयाची आहे आणि कोणास वगळावयाचे नाही.

खर्चाचा हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने समजून घेता येईल. एखाद्या धबधब्यावर रविवारी ५०० लोक येतात आणि माणशी ३० रुपये घेतले जातात, असे मानू. त्या दिवशी १५,००० रुपये जमा होतील. ६०० रुपये रोजाने आठ राखणदार नेमले तर ४,८०० रुपये खर्च होऊन १०,२०० रुपये स्वच्छता, साधने व गावनिधी यांसाठी उरतील. त्याच ठिकाणी मंगळवारी २० लोक आले, तर जमा ६०० रुपये, म्हणजे एका राखणदाराच्या रोजाइतकीच होईल. यावरून दिसते की, आठवड्याच्या मधल्या दिवशी शुल्कवसुली केवळ वसुली करणाऱ्याचे वेतन काढते. धोका मात्र त्या दिवशीही तितकाच असतो. म्हणून गर्दीच्या दिवसांच्या शिलकीतून इतर दिवसांचा बंदोबस्त चालवणे आणि हंगामाचा एकत्रित हिशेब मांडणे आवश्यक ठरते.

गर्दी आवरण्यासाठी दर वाढवणे हा सोपा उपाय दिसतो, परंतु त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. मोटारीने येणाऱ्या कुटुंबास १५० रुपये जड वाटत नाहीत. उपनगरी गाडीने आलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यास किंवा उल्हासनगरच्या कारखान्यात काम करणाऱ्या तरुणास तीच रक्कम प्रवासखर्चाच्या कित्येक पट असते. त्यामुळे दर अल्प ठेवून संख्या मर्यादित करणे, आणि दर चढवून संख्या आपोआप घटवणे, हे दोन मार्ग नैतिकदृष्ट्या समान नाहीत. पहिल्यात जो आधी नोंद करील त्यास संधी मिळते, दुसऱ्यात ज्याची ऐपत आहे त्यास. वाहनावर अधिक व माणसावर कमी शुल्क ठेवणे हा मधला मार्ग मानला जातो, कारण अरुंद रस्त्यांवरील कोंडी मुख्यतः वाहनांमुळे होते.

विक्रीची पद्धत व पारदर्शकता

शुल्क तीन प्रकारे विकले जाते : नाक्यावरील रोख पावती, संकेतस्थळावरील पूर्वनोंदणी आणि मंडळामार्फत सामूहिक परवानगी. रोख पावती सोपी असली तरी तीत गळतीस वाव असतो आणि आत गेलेल्यांची नोंद राहत नाही. पूर्वनोंदणीत नाव, संख्या व वेळ समजते. कोणी हरवल्यास शोधकार्यास त्याचा उपयोग होतो. मात्र डोंगरपायथ्याशी मोबाइलचे जाळे क्षीण असते आणि ज्यांच्याकडे साधने नाहीत ते वंचित राहतात.

पावतीवर शुल्क घेणाऱ्या संस्थेचे नाव, अधिकाराचा आधार, अनुक्रमांक, दिनांक, दर आणि तक्रारीचे ठिकाण असणे ही किमान अपेक्षा आहे. जमा-खर्चाचा फलक हंगामाअखेर गावात व प्रवेशद्वारी लावल्यास संशयाला जागा उरत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ शासकीय यंत्रणांना लागू असल्याने वन विभाग, नगरपरिषद व ग्रामपंचायत यांच्याकडील वसुलीचा तपशील नागरिकांना मागता येतो.

वादाचे मुद्दे

शुल्काविरुद्ध गिर्यारोहकांचा मुख्य आक्षेप असा की, सह्याद्रीतील वाटा कोणी बांधलेल्या नाहीत, त्यांवर कसलीही सोय नसते आणि अपघात घडल्यास धावून येणारे लोक स्वयंसेवक असतात. महाराष्ट्रात डोंगरातील बचावकार्य मोठ्या प्रमाणावर गिर्यारोहण संस्थांचे सभासद विनामोबदला करतात. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र व खोपोलीची यशवंती हायकर्स या संस्था त्यासाठी परिचित आहेत. प्रवेशशुल्कातील काही भाग अशा पथकांच्या साधनांसाठी व विम्यासाठी राखून ठेवावा, हा विचार म्हणूनच पुढे येतो.

राज्य शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून उपक्रम चालवणाऱ्यांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची तरतूद केली. नफ्यासाठी सहली काढणाऱ्या व्यावसायिकास आणि हौसेने एकत्र येणाऱ्या मंडळास एकाच मापाने मोजावे काय, हा प्रश्न त्यानंतर चर्चेत राहिला. मंडळांवर जबाबदारी अधिक टाकली तर लोक मंडळाबाहेर, अननुभवी गटांतून डोंगरात जाऊ लागतील, अशी त्यामागील चिंता आहे.

वाड्यांच्या बाजूने पाहिल्यास चित्र वेगळे दिसते. कचरा, पाण्याच्या झऱ्यांची नासाडी व शेताची तुडवण यांचा भार त्यांच्यावर पडतो. पर्यटनातून मिळणारा पैसा मात्र शहरातील सहल-आयोजकांकडे जातो. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडी ही ठाकूर वस्ती दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. इरशाळगडावर जाणाऱ्या असंख्य गिर्यारोहकांनी याच वाडीत पाणी प्यायले होते, जेवण घेतले होते. ज्या वस्त्यांच्या अंगणातून पर्यटनाची वाट जाते, त्यांच्या स्वतःच्या सुरक्षेसाठी त्या वाटेवरील उत्पन्नातून काय खर्च होतो, हा प्रश्न या घटनेने तीव्रतेने समोर आणला.

भाविकांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. माघ पौर्णिमेला मलंगगडावर आणि महाशिवरात्रीला कोंडेश्वरी जाणारे लोक पर्यटक नव्हेत. दर्शनास जाणारा व धबधब्यास जाणारा यांची वाट मात्र एकच असते. यात्रेचे दिवस शुल्कमुक्त ठेवणे आणि मंदिरापलीकडील धोकादायक भागासाठीच परवाना लागू करणे, हा त्यावरील व्यवहार्य तोडगा दिसतो.

अन्य देशांतील व्यवस्था

मराठी गिर्यारोहकांना परिचित असलेल्या नेपाळमध्ये अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रासाठी परदेशी पर्यटकांना शुल्क भरावे लागते आणि भारतासह सार्क देशांच्या नागरिकांना ते कमी असते. या रकमेचा विनियोग संवर्धन व स्थानिक विकास यांसाठी केला जातो. एव्हरेस्टच्या वाटेवरील खुंबू पासाङ ल्हामू गाउँपालिकेने २०१७ पासून स्वतःचे प्रवेशशुल्क सुरू केले.

उत्तर अमेरिकेतील बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइल वाहनांच्या वाटांची पद्धत स्थानिक मंडळांच्या दृष्टीने बोधप्रद आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात अशा मंडळांचा महासंघ १९६७ पासून कार्यरत असून, विहित वाटांवर वाहन चालवण्यासाठी त्याचा परवाना २००१ पासून कायद्याने आवश्यक झाला. परवाना हिवाळ्यापूर्वी घेतल्यास स्वस्त पडतो व हंगाम जवळ येईल तसा महागतो. बर्फ पडण्याआधीच यंत्रे, इंधन व पुलांची दुरुस्ती यांवर खर्च करावा लागत असल्याने मंडळांना आगाऊ पैसा मिळावा, हा त्यामागील हेतू आहे. न्यूयॉर्क राज्यात वाहननोंदणीचे शुल्क १०० डॉलर असून मंडळाच्या सभासदास ते ४५ डॉलर पडते, त्यामुळे वाटा राखणाऱ्या मंडळांचे सभासदत्व वाढते. या वाटांचा मोठा भाग खासगी जमिनींतून जातो आणि जमीनमालकांच्या संमतीवर टिकून असतो. वाहनधारकांनी शिस्त मोडली तर मालक वाट बंद करतात.

सह्याद्रीतील परिस्थिती काही बाबतींत अगदी निराळी आहे. तेथे परवाना महागड्या यंत्राच्या मालकास विकला जातो, येथे पायी चालणाऱ्यास. तेथे मंडळे वाट तयार करतात, येथे ती वाडीने पिढ्यानपिढ्या चालून घडवलेली असते. तरीही दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत : हंगामापूर्वी सवलतीत विकलेल्या परवान्यातून तयारीचा खर्च भागवणे, आणि वाट राखण्यास प्रत्यक्ष श्रम देणाऱ्या संस्थेच्या सभासदास कमी दर लावणे. बदलापूर–अंबरनाथच्या गिर्यारोहण मंडळांनी स्वच्छता व बचावाची जबाबदारी घेतल्यास अशी सवलत न्याय्य ठरू शकेल.

मूल्यमापन

उपलब्ध अनुभवावरून काही निष्कर्ष संभवतात. कासचा नमुना जसाच्या तसा कोंडेश्वरला लागू पडणार नाही. कास हे पठार असून प्रवेशाच्या वाटा मोजक्या आहेत, तर कोंडेश्वरला पाण्याकडे उतरणाऱ्या वाटा अनेक आहेत. कासला जपावयाची आहेत ती फुले. येथे प्रथम माणसांचे प्राण जपावयाचे आहेत. चंदेरीसारख्या किल्ल्यावर वरच्या टप्प्यातील कातळ अवघड असल्याने तेथे संख्येपेक्षा अनुभवाची व साधनांची तपासणी अधिक महत्त्वाची ठरते. म्हणजे एका तालुक्यातही सर्व ठिकाणांना एकच दर व एकच नियम पुरेसा होणार नाही.

मनाई आणि परवाना ही परस्परविरोधी साधने मानण्याचे कारण नाही. अतिवृष्टीच्या दिवशी मनाई, एरवी मर्यादित संख्येचा अल्पदराचा परवाना, आणि दोन्हींच्या अंमलबजावणीत वाडीतील प्रशिक्षित तरुणांचा सशुल्क सहभाग, अशी सांगड घालता येते. त्यासाठी वन विभाग, ग्रामपंचायत व पोलीस यांनी एकच पावती आणि एकच उत्तरदायी यंत्रणा ठरवणे आवश्यक आहे. दर किती असावा हा प्रश्न त्यानंतरचा आहे. जमा झालेला पैसा वाटेवर, पाण्याकाठी व वाडीत खर्च होताना दिसला, तर पर्यटक तो देण्यास सहसा कचरत नाहीत. तसे दिसले नाही, तर अल्प रकमेचीही वसुली खंडणी वाटू लागते.

हेही पहा

मलंगगड
चंदेरी
माथेरान
नाणेघाट
कास पठार
संयुक्त वन व्यवस्थापन